सुगनबाईंच्या गादीजवळचं खोकं

दोंडाईच्याच्या स्टेशनावर त्या महिन्यात नजीरभाई तिसऱ्यांदा उतरले, तेव्हा त्यांना बाकावरच बसून राहावंसं वाटलं. वय अठ्ठावन्न, गुडघे त्याहून म्हातारे. जळगावला पिंप्राळ्यात राहायचं आणि खानदेशभर लोकांच्या हॉलमध्ये स्पीकर लावत फिरायचं, याला तीस वर्षं झाली होती. दुकान नाही, पाटी नाही. एकानं दुसऱ्याला नाव सांगायचं, एवढ्यावर घर चाललेलं. आणि काल अखिलनं फोनवर सुनावलं होतं, "ही शेवटची वेळ. नाहीतर नाशिकहून माणूस बोलावतो आणि गावभर सांगतो, नजीरभाईंचा कान गेला म्हणून."

अखिल म्हणजे कापडवाल्या सुरेशचंद सेठचा मुलगा. तक्रार एकच: सबवूफर, म्हणजे जाड आवाज काढणारं ते काळं खोकं, दर आठवड्यानं पुन्हा घुमायला लागतं. नजीरभाईंचं सगळं कसब नेमकं इथेच होतं. खोक्याचा आवाज समोरच्या दोन स्पीकरांत असा मिसळावा की खोकं आहे हेच माणसानं विसरावं. काम चांगलं झालं की ते कुणाच्या लक्षातच येत नाही, असला धंदा आपण का पत्करला, असं हल्ली त्यांना रोज वाटे.

सेठच्या हॉलमध्ये पोहोचून पाहिलं तर खोक्यामागचं आवाज वाढवायचं बटण पुन्हा शेवटपर्यंत फिरवलेलं.

"कुणी हात लावला?"

"कुणी नाही," अखिल म्हणाला.

मग तेच जुनं काम. खोकं सोफ्यावर ठेवायचं, ढोलकीचा एक तुकडा लावायचा आणि भिंतीच्या कडेनं रांगत जायचं. जिथे आवाज सारखा येईल ती खोक्याची जागा. अखिल मोबाइलमागे हसू लपवत होता. वडिलांच्या वयाच्या माणसानं परक्याच्या घरात फरशीवर रांगावं, यात हसण्यासारखं काय असतं ते त्यालाच ठाऊक.

रांगत रांगत ते खिडकीखालच्या गादीशी आले. तिथे अखिलची आजी, सुगनबाई, बसल्या होत्या. कानांनी ठार बहिऱ्या. उजवा तळवा फरशीवर सपाट टेकलेला. नजीरभाईंचं तोंड त्यांच्या तोंडाइतक्याच उंचीवर आलं होतं, म्हणूनही असेल, त्या बोलल्या. मारवाडी घरातल्या, पण साठ वर्षांत अहिराणी जिभेवर बसलेली.

"बठ्ठा येईसन बसनात की आठे समजस," त्या म्हणाल्या आणि फरशी थोपटली.

सगळे येऊन बसले की इथे कळतं. हॉलमध्ये टीव्ही लागला की फरशी थरथरणार, मग घरात माणसं जमलीत हे यांना समजणार. ओरडूनही ऐकू जात नाही म्हणून यांच्याशी कुणी बोलत नव्हतं. मागचं बटण कोण फिरवत होतं, तेही नजीरभाईंना कळलं. आणि फरशी हलू नये म्हणून खोक्याखाली रबराच्या चकत्या त्यांनीच लावल्या होत्या. त्यांना स्वतःची लाज वाटली.

नाव वाचवायला एक वाक्य पुरलं असतं. पण मग घरातले सुगनबाईंवर ओरडले असते, आणि खोकं कपाटात गेलं असतं.

"जागा चुकली," ते गुडघ्यावर हात देत उठले. "माझीच चूक."

त्यांनी चकत्या काढल्या, खोकं गादीला लागून ठेवलं आणि बटण अर्ध्याच्याही खाली आणलं. अखिल सोफ्यावर बसला, टीव्ही लावला आणि नाक मुरडलं. "अजून घुमतंय. बोलावू का नाशिकवाल्याला?"

नजीरभाईंमध्ये भांडायचंही त्राण नव्हतं. ते वायर गुंडाळू लागले.

सुगनबाईंनी तळवा टेकून पाहिला. मग नजीरभाईंकडे वाकून, आपल्या समजुतीनं अगदी हळू, म्हणाल्या, "आते बठ्ठं बरोबर शे. बटनले हात लावानं काम नही."

शेजारच्या घरातही ते ऐकू गेलं असेल. अखिल आजीकडे बघत राहिला.

"तुम्हाला माहीत होतं?"

नजीरभाईंनी गुंडाळलेली वायर पिशवीत टाकली.

"मग सोफ्यावर घुमतं त्याचं काय?" त्यानं विचारलं, पण आवाजातला तोरा गेला होता.

"सोफा सरकवा भाऊ, आजींच्या जवळ," नजीरभाई म्हणाले. "तिथे घुमत नाही."