आत्याची थंडी

आमच्या आत्याला ऋतू सगळ्यांच्या आधी कळायचे. मुलुंडला आमच्या चाळीच्या मागे डोंगर सुरू व्हायचा आणि पायथ्याशी एक जुनी सावर होती. तिच्या उघड्या फांदीवर पहिलं लाल फूल दिसलं की आत्या गॅलरीतून ओरडायची, "गो, थंडी गेली!" लांब कुणी भांड्याला ठोके घालतंय अशी तांबट पक्ष्याची टुक टुक पहिली तिलाच ऐकू यायची. मग ती आम्हाला गोधड्या उन्हात टाकायला लावायची, आणि तिचं बघून शेजारच्या बायकाही स्वेटर ट्रंकेत भरायच्या. आईला यातलं काही कळत नसे. तिच्या लेखी पक्षी दोनच, कावळा आणि कावळा नसलेला.

आत्या ही वडिलांची थोरली बहीण. तरुणपणी विधवा झाली आणि कोकणातून आमच्याकडे आली ती कायमची. आई एका कारखान्यात पॅकिंगला जायची, त्यामुळे आम्हा दोघा भावंडांचं न्हाऊमाखू, खाणंपिणं सगळं आत्याने केलं. पुढे गिरण्यांच्या संपात वडील घरी बसले आणि आत्याला दम्याने धरलं. गॅलरीत तिची खाट पडली. त्यातच दादाचं लग्न ठरलं, वैशाखातलं. खोली एकच, मग नवं जोडपं झोपणार कुठे? आईने उत्तर काढलं: आत्याला गावी चुलतभावाकडे पोचवायचं. तो चुलतभाऊ स्वतःच्या आईला एक वेळही जेवायला घालत नव्हता, हे सगळ्यांना माहीत होतं.

डॉक्टर म्हणाले, "थंडीत प्रवास नको. थंडी गेली की खुशाल न्या."

झालं. त्या दिवसापासून आई पक्षी बघायला लागली.

माघ निम्मा झाला नव्हता, तोच एका सकाळी ती चहाचा कप घेऊन गॅलरीत गेली. "ऐकलंत, वन्सं? तांबट!"

"खंय?" आत्या कानटोपी खाली ओढत म्हणाली. "माका काय आयकाक येणा नाय."

दुसऱ्या दिवशी आईला सावरीवर मैना दिसल्या. मग शेवग्याला फुलं दिसली. दुपारचा वारा बदलल्याचंही तिला जाणवलं. जन्मात कधी आभाळाकडे न बघितलेली बाई रोज एक नवी खूण शोधून आणायची आणि आत्यापुढे ठेवायची. आणि जिने आम्हाला हे सगळं शिकवलं, ती स्वेटर घालून, वर शाल गुंडाळून म्हणायची, "अजून थंडी हा गो." तिच्या कपाळावर घाम डबडबलेला असायचा. मला आईची चीड यायची. पण आत्याचीही यायची, की इतकं खोटं बोलायचं तर निदान कपाळावरचा घाम तरी पुसून बोलावं.

महाशिवरात्रीला आईने शंकराला वाहायला आंब्याचा मोहोर आणला. त्यातला एक तुरा तिने आत्याच्या नाकाशी धरला. "घ्या वास. शिवरात्रीला थंडी शिव शिव म्हणत जाते, वन्सं. मी नाही, जग म्हणतं."

आत्याने तोंड फिरवलं. "होळी जळाली, थंडी पळाली. ह्यापण जगच म्हणता. खंय जळली अजून होळी?"

दोन म्हणींमध्ये पंधरवडा होता. दोघींनी वडिलांकडे पाहिलं. त्यांनी पेपर खाली न करता म्हटलं, "आक्का म्हणते तर होळीपर्यंत राहू दे." एवढाच त्यांचा पराक्रम.

तो पंधरवडा आईने वसूल केला. दुपारी गॅलरीवरचे पत्रे तापायचे. गोधडीखाली आत्याच्या गळ्याला, पाठीला घामोळं उठलं. मी पुठ्ठ्याने वारा घालायला बसले तर आईने तो हातातून काढून घेतला. "वारा कशाला? थंडी वाजतेय ना त्यांना? बाधेल." आत्याने गोधडी आणखी वर ओढली. एकदा म्हणाली असती, उकडतंय, तर वारा मिळाला असता आणि एस.टी.चं तिकीटही. ती गोधडीच्या आत धापत पडून राहिली. पलीकडच्या चाळीमागून कोकीळ ओरडायला लागला, तेव्हा घरात कुणीच कुणाकडे पाहिलं नाही.

चाळीतली होळी पेटली आणि विझली. धुळवडीच्या सकाळी, रीतीप्रमाणे, बायकांनी होळीच्या निखाऱ्यांवर पाणी तापवलं. त्या पाण्याने अंघोळ केली की दुखणी जातात म्हणतात. आईने बादली आणून आत्याला आपल्या हाताने न्हाऊ घातलं. घामोळ्यावर खोबरेल लावलं, वेणी घातली, नवं लुगडं नेसवलं. इतक्या मायेने आईने तिला कधीच हात लावला नव्हता. शेजारीण कौतुकाने म्हणाली, "नणंदेची सेवा करावी तर अशी!"

दोन दिवसांनी मी आणि वडील तिला कुर्ल्याच्या एस.टी. स्टँडवर घेऊन गेलो. वडील तिच्याबरोबर जाणार होते. ते पाण्याची बाटली भरायला गेले, तेव्हा तिने खिडकीतून माझं मनगट धरलं.

"तांबट पौषातच बोललो गो. पयल्या दिसाक आयकलंय मी."

"मला माहीत होतं," मी म्हणाले.

"तुझ्या आवशीक सांगू नको हां." ती हसली, मग तिला ढास लागली. "माका वाटला, मी गप रवलंय तर तो पण गप रवात."

वडील आले. गाडी सुटली.

घरी येईपर्यंत आईने गॅलरी फिनेलने धुऊन काढली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या वेळी सावरीवरून टुक टुक सुरू झाली, अगदी जवळून, न थांबता. आईने कपाळाला आठ्या घातल्या.

"काय मेलं सारखं ठोकतंय! डोकं उठवलं नुसतं."

दादाने उठून खिडकी लावली आणि पडद्यासाठी गॅलरीचं माप घ्यायला गेला.