धुक्यातले पिवळे बाण

दिंडोरीत माझं द्राक्षबागेच्या औषधांचं दुकान आहे. राहायला आम्ही नाशकात, इंदिरानगरला. दुकानाच्या मागे एक खोली आहे. तिथे रिकामी खोकी, जुना वजनकाटा, एक प्लास्टिकची खुर्ची आणि टीव्ही. टीव्ही क्रिकेटसाठी घेतलाय असं मी घरी सांगितलं होतं, आणि क्रिकेट नसतं तेव्हा काय, असं कोणी विचारलं नाही. त्या खोलीत मी वर्षानुवर्षं व्हिडिओ गेम खेळत आलोय.

ऑक्टोबरच्या छाटणीनंतर दुकानात श्वास घ्यायला फुरसत नसते. माणसं पिशवीत डाऊनी रोग पडलेलं पान घालून येतात, दाखवतात, बाटली घेतात, पळतात. एरवी मात्र दुपारी जेवणानंतर गिऱ्हाईक नसतं. मग मी आत जातो. काउंटरवर चाचा असतात, माझ्या वडिलांच्या वेळेपासूनचे. कोणी विचारलंच की मालक कुठे हायेत, तर चाचा सांगतात, "बँकेत गेलेत."

एकदा एक म्हातारा बाहेरून ओरडला होता, "चाचा, तुमच्या बँकेत बंदुका लय वाजतात की हो!"

चाचा म्हणाले, "मार्च एंड हाय ना बाबा."

बायकोला हे माहीत नव्हतं. माझ्या मुलीला तर मुळीच नव्हतं. लपवायचं कारण काय, असं मी स्वतःला बरेचदा विचारलंय. लाज, हे एक. दुसरं कारण पुढे येईल; ते सांगायलाच हे लिहायला बसलोय, पण लगेच सांगवत नाही. आधी खेळांबद्दल बोलतो. ते सोपं आहे.

अलीकडचे खेळ फार मोठे झालेत. नकाशा उघडला की त्यावर शेकडो खुणा. इथे जा, हे गोळा कर, त्याला मदत कर. दिवसभर उधारी वसूल करून दमलेला माणूस दोन घटका आत येऊन बसतो, तर तिथेही कामांची यादी तयार. काही खेळ तर रोज हजेरी मागतात. आज नाही आलात तर बक्षीस गेलं. मोबाइलवरच्यांचं विचारूच नका, तिथे पैसे टाकल्याशिवाय तलवारीला धारच येत नाही. आणि ऑनलाइन लढाईच्या खेळात मी एकदाच गेलो. समोरून खेळणारा एक पोरगा म्हणाला, "अंकल, आप घर जाओ, बीपी की गोली लो." मी घरी गेलो. गोळी खरंच घ्यायची होती.

चांगलंही पुष्कळ आहे. चेहरे आता खरोखर दमलेले दिसतात. घोडा अनोळखी पुलावर बिचकतो. अवघड वाटलं तर सोपं करून घेता येतं आणि कोणी हसत नाही. माझ्या अंगठ्यांची दुखणी बघता हा मोठाच उपकार आहे. फक्त अक्षरं बारीक असतात. बनवणाऱ्यांना चाळिशी लागली की ती मोठी होतील.

मोठ्या खेळांत हल्ली बापही फार असतात. दाढीवाले, खांदे पडलेले, पोराला घेऊन बर्फातून चाललेले, तोंडातून शब्द न काढणारे. मी ते मन लावून खेळतो. त्यांचा एक दोष मला खटकतो. शेवटी तो बाप बोलतो. बरोबर वेळ साधून, मागे संगीत घेऊन बोलतो.

पण माझा खरा राग पिवळ्या रंगावर आहे. जिथे चढायचं त्या कड्याला पिवळा पट्टा, जी फळी तोडायची तिच्यावर पिवळं बोट. शिवाय सोबतीला एक बडबड्या गडी, आपण अजून नीट बघितलंही नाही तर सांगतो, "ती शिडी वापरून बघ ना." अरे, मला हरवू दे की जरा. हरवल्यावर माणूस आजूबाजूला बघतो, कान देतो. तेवढ्यासाठी तर मी आत येऊन बसतो.

चाचांना मी हे सगळं सांगायचो. ते ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, "भाऊ, एवढं पोरीशी बोलला असता तर?"

मुलगी पुण्यात नोकरीला होती. ती सोडून परत आली आणि एका मैत्रिणीबरोबर गेम बनवायला लागली. तिच्या खोलीत दोन मोठे स्क्रीन आले. बायको म्हणायची, "अहो, बोला तिला काही." मी काय बोलणार? जे बोलायचं ते मी ती अकरावीत असतानाच बोलून बसलो होतो. खेळ करून पोटं भरत नाहीत, हे भूत डोक्यातून काढ, असं आणि बरंच. परत आल्यावर ती माझ्याशी नीटच वागायची, शेजारच्या वडीलधाऱ्या माणसाशी वागावं तशी.

गेल्या उन्हाळ्यात एका सकाळी ती माझ्यापुढे कंट्रोलर घेऊन उभी राहिली.

"पप्पा, एक काम होतं. आमचा गेम खेळून बघाल का?"

"मी?"

"तुम्हीच. ज्याने आयुष्यात गेमला हात लावला नाही असा माणूस पाहिजे. कुठे अडतो ते बघायचंय. बेंगळुरूला एका कंपनीला दाखवायचाय. त्यांना आवडला तर ते पैसे घालतील, आमचा गेम पुरा होईल."

"आणि नाही आवडला तर?"

"तर मी पुण्याला. जुन्या ऑफिसला विचारून ठेवलंय." तिने हे भाजीत मीठ कमी आहे म्हणावं तसं सांगितलं. मग म्हणाली, "तुम्ही फक्त खेळा. मी बोलणार नाही, मागे बसेन."

कंट्रोलर हातात आला आणि माझे अंगठे आपोआप जागेवर गेले. ते मी घाईने काढून घेतले आणि कंट्रोलर ताटासारखा दोन्ही तळव्यांवर धरला.

पडद्यावर धुकं होतं. पहाट, कडाक्याची थंडी, द्राक्षबाग. ही बाग मी ओळखली. तिच्या मामाची, दिंडोरीच्या अलीकडची. थंडीची लाट आली की मण्यांना तडे जातात, म्हणून आमच्याकडे लोक पहाटे उठून बागेत शेकोट्या करतात. धुराने बागेत ऊब धरते. खेळ तोच होता. एकटी मुलगी, छाटणीच्या काड्यांचा एक भारा, आणि उजाडायच्या आत योग्य जागी शेकोट्या लावायच्या. योग्य जागा कुठली, हे कोणी सांगत नाही. नकाशा नाही. सगळ्या ओळी एकसारख्या. कान दिला की विहिरीवरच्या पंपाचा आवाज येतो, त्यावरून दिशा कळते. एक शेकोटी पेटवली की तिचा धूर काही ठिकाणी वर जातो आणि काही ठिकाणी जमिनीशी लोळत राहतो. जिथे लोळतो तिथे गार हवा साचलीय. तिथे पेटवायचं.

हे मला पहिल्या काही मिनिटांत कळलं. इतकं चांगलं मी बऱ्याच दिवसांत काही खेळलो नव्हतो. मला ओरडून सांगावंसं वाटलं. आणि मी काय केलं, तर म्हणालो, "हे चालवायचं कसं गं?"

ती बोलली नाही. ठरलंच होतं.

मी खेळातल्या मुलीला आभाळाकडे बघायला लावलं. मांडवाच्या लोखंडी अँगलवर आपटवलं. एकाच ओळीत वर-खाली फिरवलं. पंपाचा आवाज येत होता त्याच्या उलट दिशेला चालत गेलो. "सगळं पांढरंच दिसतंय," म्हणालो. नवख्या माणसाचं सोंग मी जरा जास्तच मन लावून वठवलं. मागे तिची बोटं लॅपटॉपवर चालत होती. शेवटी काड्या संपल्या, बाग गारठली, मी कंट्रोलर खाली ठेवला.

"अवघड आहे बाई," मी म्हणालो.

"तुम्हाला पंप ऐकू आला नाही?"

"कुठला पंप?"

तिचा चेहरा पडला. तरी म्हणाली, "थँक्यू पप्पा. खूप उपयोग झाला."

आठवड्याने तिने नवीन आवृत्ती दाखवली. या वेळी बायकोही शेजारी येऊन बसली. धुकं विरळ केलेलं होतं. प्रत्येक ओळीच्या टोकाला पिवळा बाण. शेकोटीच्या जागेभोवती चमकणारं कडं. आणि मामांच्या आवाजात सूचना येत होत्या, "डावीकडं ये पोरी. हितं पेटव. शाब्बास!"

"आता येतंय ना?" मुलीने विचारलं. तिचे डोळे तांबारले होते. सात दिवस झोपली नसावी. "आम्हाला वाटत होतं लोकांना समजेल. तुमच्याकडे बघितल्यावर कळलं, आम्ही आमच्यासाठीच बनवत होतो."

बायको म्हणाली, "आता मलापण जमेल बघ."

मी बाण बघत बघत सगळ्या शेकोट्या पेटवल्या. बाग वाचली. "मस्त," मी म्हणालो आणि दुकानात निघून आलो.

आतल्या खोलीत जाऊन बसलो, पण काही लावलं नाही. चाचा चहा घेऊन आले. त्यांना मी सगळं सांगितलं.

"म्हंजे पोरीचा चांगला माल तुम्ही नासवला," ते म्हणाले.

"तसंच."

"आन बेंगळुरूला तोच नासका घेऊन जाणार ती."

"परवा."

चाचांनी कप उचलला. "भाऊ, इतकी वर्षं बँकेत जाताय तुम्ही. मी कुणाला काही बोललो नाय. पण हे लय वाईट केलं."

संध्याकाळी घरी गेलो. ती जेवणाच्या टेबलावर काम करत होती. मी म्हणालो, "जुनी आवृत्ती आहे का तुझ्याकडे? धुक्याची?"

"आहे. का?"

"लाव."

मी कंट्रोलर जसा धरायचा तसा धरला. एका अंगठ्याने चाललो, दुसऱ्याने मान वळवली. पंपाकडे कान देऊन तिरका गेलो, पहिली शेकोटी मुद्दाम उंचावर लावली, धूर कुठे उतरतो ते बघितलं आणि धावत सखल ओळी गाठल्या. पडद्यावर उजाडलं तेव्हा माझ्या हातात दोन काड्या शिल्लक होत्या. या सगळ्या वेळात मी तिच्याकडे बघितलं नाही. ती पडदा सोडून माझ्या हातांकडे बघतेय, हे मला कळत होतं.

"कधीपासून?" तिने विचारलं.

"तू लहान होतीस तेव्हापासून. दुकानात."

"माझा कॉम्प्युटर नेला होता तुम्ही. अकरावीत. बिलिंगला लागतो म्हणून."

आता ते दुसरं कारण. बिलिंग त्यावर कधीच झालं नाही. तो मी आतल्या खोलीत लावला होता. त्यात तिचा एक खेळ अर्धवट होता, समुद्रातल्या बेटांचा. तिने प्रत्येक बेटावर दिवे लावत आणले होते. ती घरी रडून अभ्यासाला बसली असेल तेव्हा मी तिने सोडलेल्या जागेपासून तो खेळ पुढे खेळलो. आधी नुसतं बघायला. मग रोज. तिच्यावर ओरडून निघायचो आणि जाऊन तिचे दिवे लावायचो.

हे मी तिला सांगितलं. इतक्या शब्दांत नाही. "त्यावर मीच खेळलो. तुझाच गेम. संपवला," एवढंच.

स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज थांबला होता. बायको ऐकत असावी.

मुलीने कंट्रोलर माझ्या हातातून घेऊन टेबलावर ठेवला. मग म्हणाली, "कसा संपतो तो?"

"काय?"

"शेवट. मला कधी कळलाच नाही. नंतर मी तो परत हातात घेतला नाही."

मी विचार केला. खोटं बोलायचा कंटाळा आला होता. "बरा नाही. घाईत संपवलाय. सगळे दिवे लागले की एक जहाज येतं आणि नावांची पाटी. मधला भाग फार चांगला होता. तू जिथे सोडला होतास ना, तिथपर्यंतचा."

ती हसेल असं वाटलं. हसली नाही. "माझे सात दिवस तुमच्या खोट्यावर गेले, पप्पा," ती म्हणाली. "कॉम्प्युटरचं राहू दे. ते मला आत्ता नाही बोलायचंय." तिने लॅपटॉप पुढे ओढला. "खरं सांगा. कंटाळा कुठे आला?"

"धुक्याच्या आवृत्तीत कुठेच नाही."

"पप्पा."

"काड्या फार सहज पेटतात," मी म्हणालो. "दवात भिजलेल्या काड्या आधी धुमसतात. तो वेळ दे. माणसाला वाटलं पाहिजे की विझली. आणि मुलगी धावते तेव्हा दमत नाही. तिला धाप लागू दे. तिच्या श्वासात पंप ऐकू येईनासा होईल. मग ज्याला ऐकायचंय त्याला थांबावं लागेल."

ती टाइप करत होती. "अजून?"

"अक्षरं मोठी कर."

"अजून?"

मी बोलत राहिलो. तिच्याशी एका दमात इतकं मी आधी कधी बोललो असेन असं वाटत नाही. ती मधेच "हे नाही पटत" म्हणायची, मी म्हणायचो "राहू दे मग". बायकोने ताटं मांडली, तरी आम्ही तिथेच. जेवताना मात्र ती गप्प होती, आणि दुसऱ्या दिवशीही. बॅग तिने स्वतः भरली. स्टेशनवर सोडायला येऊ का विचारलं, तर रिक्षा सांगितलीय म्हणाली.

कंपनीचं काय ते अजून कळलेलं नाही. कळवू म्हणालेत. पण तिने गेम दाखवला त्या दुपारी तिचा फोन दुकानात आला. मी काउंटरवर होतो.

"तिथला एक जण धुक्यात हरवला," ती म्हणाली. "बराच वेळ. आपटत होता नुसता. मैत्रीण मला खुणावत होती, सांग ना काहीतरी."

"मग सांगितलंस?"

"नाही. गप्प बसले."

"मग?"

"मग तो थांबला. मुलीची धाप उतरली, आणि त्याने मान वळवली. पंपाकडे."

तिकडून गाड्यांचा आवाज येत होता.

"ठेवते," ती म्हणाली.