औट झाल्यावरची चाल

मी पदवीधर झालो तो माझ्या थोरल्या भावामुळे. आमच्या घरात त्याच्याआधी कुणी सातवीच्या पुढे गेलं नव्हतं. तोही दहावीनंतर थांबला, कारण धाकटा हुशार आहे असं शाळेतल्या बाईंनी आईला सांगितलं होतं आणि दोघांचं शिक्षण वडिलांच्या मजुरीत बसण्यासारखं नव्हतं. हे त्याने कधी बोलून दाखवलं नाही. तो शिरूरच्या एका बँजो पार्टीत गेला. आधी झांज, मग ढोल, मग फावल्या वेळात कीबोर्ड. मी त्याला दादा म्हणतो, इथेही तेच म्हणेन.

पार्टीची तालमीची खोली आणि व्हिडिओ गेमचं दुकान यांच्यामध्ये नुसता एक पत्रा होता. पत्र्याच्या एका बाजूला आम्ही पोरं टीव्हीला डोळे लावून बसायचो आणि दुसऱ्या बाजूला दादा. आम्हाला चित्र दिसायचं, त्याला फक्त ऐकू यायचं. गेममधल्या किती चाली त्याने अशा नुसत्या कानाने उचलल्या होत्या, हे मला फार उशिरा कळलं.

त्या चाली डोक्यात का बसतात याचा मी पुष्कळ विचार केला आहे. एक तर त्या लहान असतात. शब्द नसतात, त्यामुळे विसरण्यासारखं काही नसतं. संपली की पुन्हा पहिल्यापासून सुरू. आणि ती ऐकताना आपले हात मोकळे नसतात, जीव मुठीत असतो. रणगाड्यांच्या गेमला चाल फक्त सुरुवातीला होती, पुढे सगळी घरघर. पण ती सुरुवात कानावर आली की माझ्या तळहातांना अजून घाम येतो. विटा रचायच्या गेमची चाल गिरणीच्या पट्ट्यासारखी फिरत राहायची. सगळ्यात लाडका उड्यांचा गेम. त्यातल्या पाण्याच्या बोर्डाची, म्हणजे पाण्यातल्या टप्प्याची, चाल झोक्यासारखी होती. दादा म्हणायचा, "ही दादऱ्यात हाय." वेळ संपत आली की जमिनीवरची साधी चाल एकदम दुप्पट पळायला लागायची, आणि येत असलेली उडीसुद्धा चुकायची. पुढे कॉलेजात असताना दौंडला कॉम्प्युटरवरचे गेम पाहिले. त्यांत मोठमोठे वाद्यवृंद होते, खरी गाणी होती. ऐकताना छान वाटायचं. त्यातलं आज एकही गुणगुणता येत नाही.

उड्यांच्या गेममध्ये आणखी दोन चाली होत्या. पहिली गेममधला आपला माणूस मेल्यावर वाजायची, तिला आम्ही औटची चाल म्हणायचो. दुसरी बोर्ड जिंकल्यावरची.

मी दौंडच्या कॉलेजात पहिल्या वर्षाला होतो, त्या उन्हाळ्यात पार्टीचा कीबोर्डवाला दुसऱ्या पार्टीला जाऊन मिळाला. पार्टीचे मालक वयस्कर होते, सगळे त्यांना आप्पा म्हणत. ते दादाला म्हणाले, "तळेगावची सुपारी तू वाजीव. नीट झालं तर पेटी तुझी. न्हाई झालं तर मी दुसरा मानूस बघतो."

सुपारी म्हणजे लग्नाचं काम. पेटी म्हणजे कीबोर्ड. आणि पेटी न मिळाली तर काय, हे आमच्या घरात ठरलं होतं. दादा शिक्रापूरला एका कंपनीत पॅकिंगला जाणार होता, कायमचा. त्याने तिथे बोलूनही ठेवलं होतं. दिवसभर पॅकिंग करून तो पुन्हा वाद्याला हात लावील, असं मला वाटत नव्हतं.

सुट्टी होती म्हणून मीही वायरी बघायला टेम्पोवर गेलो.

तळेगाव ढमढेऱ्याला नवरीच्या घरी फुलांचा मळा होता, नवरा दौंडचा. दुपारपर्यंत सगळं उत्तम झालं. दादा एकदाही चुकला नाही. राहिली होती फक्त पाठवणी. तेवढ्यात नवरीचे वडील टेम्पोजवळ आले.

"आप्पा, ते पाठवणीचं रडायचं गाणं तेवढं नका वाजवू. तिला आई न्हाई. सकाळधरनं रडतीया पोर."

"मंग उडतं वाजवू?"

"उडतं कसं वाजवता? लेक चाललीया माझी."

आप्पांनी डोकं खाजवलं आणि दादाकडे पाहिलं. "हाय का रं तुझ्याकडं कायतरी? रडायचं बी न्हाई आन् नाचायचं बी न्हाई."

"हाय एक," दादा म्हणाला. त्याने बासरीचा आवाज लावला आणि डोळे मिटून सुरुवात केली.

पहिल्याच सुरांना मी ओळखलं. ती औटची चाल होती. त्याने ती संथ केली होती, मध्ये थोडी खेचली होती, आणि खरं सांगायचं तर ती फार सुंदर लागत होती. मांडवातल्या बायका बोलायच्या थांबल्या. एक म्हातारी म्हणाली, "काय ग्वाड वाजीवतंय पोरगं!" नवरी वडिलांचा हात धरून जीपकडे चालायला लागली.

माझं लक्ष जीपच्या बॉनेटकडे होतं. वऱ्हाडाबरोबर दौंडहून ट्रक भरून पोरं आली होती. त्यातल्या काहींना मी ओळखत होतो, स्टेशनजवळच्या गेमच्या दुकानात आम्ही एकाच टीव्हीपुढे नंबर लावून उभे राहायचो. ती बॉनेटवर बसून पान खात होती. अजून कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

मी दादाला खूण केली, पण त्याचे डोळे मिटलेले. वायर माझ्या हातात होती. उपटावी का? नवरी अर्ध्या वाटेत, आणि आवाज गेला तर पेटीही गेली. नाही उपटली आणि पोरांनी ओळखलं तर? गेममध्ये ती चाल एकदाच वाजून थांबते. दादा मात्र ती पुन्हा घेत होता, पुन्हा घेत होता, आणि नवरी इतकी सावकाश चालत होती की मला तिचा राग यायला लागला.

ती जीपपाशी पोचली. एक पाय वर ठेवला. तेवढ्यात बॉनेटवरच्या एकाने पान चघळायचं थांबवलं.

"आयला! औट!"

"कोन औट?"

"नवरदेव औट!"

"एकच लाइफ व्हती गड्या, गेली!"

पोरं एकमेकांच्या पाठीवर थापा मारून हसायला लागली. नवऱ्याचे मामा फेटा सावरत वळले. "कोन औट? कोन म्हनलं औट?"

"आमी न्हाई मामा, ती टेम्पोवाली वाजीवत्यात. गेममधी मानूस मेल्यावर वाजतंय ते."

मेल्यावर, हा शब्द मांडवभर गेला. मामा तरातरा टेम्पोकडे आले आणि माझ्या हातातली वायर त्यांनी हिसकून काढली.

"लगीन लागून दुपार सरली न्हाई, आन् तुमी आमचं पोरगं मारलं?"

आप्पांनी हात जोडले. "पाव्हनं, चुकून झालं."

"चुकून? कुनी सांगितलं ह्ये वाजवायला?"

नवरीच्या वडिलांचा चेहरा उतरला. दादाचे हात अजून पट्ट्यांच्या वर तसेच होते. "मी वाजीवलं," तो म्हणाला. "मला म्हाईत नव्हतं."

मी म्हणालो, "मामा, गेम तिथं संपत न्हाई."

"तू कोन?"

"वायरवाला."

"मंग वायर बघ!"

कुणीतरी हसलं. मी दादाच्या कानाशी वाकलो. "दादा, जिंकल्याची वाजव."

"कंची?"

तेव्हा मला उमगलं, ती त्याच्याकडे नव्हतीच. औटची चाल पत्र्यापलीकडे दिवसभर ऐकू जायची, आम्ही दिवसभर मरत होतो. बोर्ड जिंकणारा क्वचित एखादा. दादाने ती ऐकलीच असेल तर मोजक्या वेळा, तीही पोरांच्या आरडाओरड्यात.

मी ती त्याच्या कानात गुणगुणली. निम्म्यात अडकलो.

"म्होरं?"

"म्होरं आठवत न्हाई."

"शेवट वर जातुया का खाली?"

"वर."

"बास."

मामा आप्पांना बोलत होते, त्यांची पाठ आमच्याकडे होती. खाली पडलेली वायर नवरीच्या वडिलांनीच उचलून माझ्या हातात दिली. मी ती जोडली. दादाने बासरी काढून ट्रम्पेटचा आवाज लावला आणि वाजवलं. पहिला अर्धा माझा, उरलेला त्याच्या मनचा, शेवट वर नेलेला.

मामा गर्रकन वळले. पोरं माना तिरक्या करून ऐकत होती. चाल जशीच्या तशी नव्हती, हे त्यांना कळत होतं. दादाने ती पुन्हा घेतली, आणखी जोरात. मी बॉनेटवरच्या त्या पोराच्या तोंडाकडे बघत उभा होतो. सगळं आता त्याच्या तोंडून काय निघतं यावर होतं.

"जितला!" तो ओरडला. "बोर्ड जितला!"

शिट्ट्या सुरू झाल्या. "नवरदेव म्होरच्या बोर्डावर!"

"आता काय म्हनत्यात ही?" मामांनी विचारलं.

"नवरदेव जितला मामा!"

मामांनी फेटा पुन्हा नीट बसवला. मग म्हणाले, "मंग आधीच ते वाजवायचं व्हतं," आणि जीपमध्ये जाऊन बसले. नवरीला हसू आलं की रडू, ते मला टेम्पोवरून दिसलं नाही.

परतताना आम्ही सगळे मागे वाद्यांपाशी बसलो. आप्पा पुढे ड्रायव्हरशेजारी बसले होते. शिक्रापूरच्या चौकात ट्रकांची रांग लागली, तेव्हा ते उतरून मागे आले. दादा उठून उभा राहिला.

"पेटी ऱ्हाऊ दे तुझ्याकडं," आप्पा म्हणाले. "पन त्या दुकानातलं काय बी उचलशील, तर आदी ह्या वायरवाल्याला इचार, मानूस जित्ता हाय का मेला."

सगळे हसले. दादा हसला नाही. टेम्पो सुटल्यावर त्याने मला विचारलं, "मला एक सांग. मेल्यावरची चाल इतकी ग्वाड कशापायी बनीवत्यात?"

त्याचं उत्तर द्यायला मला दोन वर्षं लागली. बी.एस्सी.चा निकाल लागला त्या दिवशी मी दौंडहून त्याला हे पत्र पाठवलं.

*दादास सप्रेम जय भीम.*

*निकाल लागला. मी पास झालो. आईला तूच सांग, ती हे पत्र दुसऱ्या कुणाकडून वाचून घेण्याआधी.*

*तू टेम्पोत विचारलं होतंस ते इतके दिवस माझ्या डोक्यात आहे. मला वाटतं, गेम करणाऱ्याला ठाऊक असतं की खेळणाऱ्याला हीच चाल सगळ्यात जास्त वेळा ऐकावी लागणार. ती कडू असती तर पोरं पहिल्याच दिवशी उठून गेली असती. गोड आहे म्हणून पुन्हा बसतात. दुसऱ्या वर्षाला माझा एक विषय राहिला तेव्हा तू एवढंच म्हणाला होतास, "परत बस." तू रागावला असतास तर मी घरी येऊन कामाला लागलो असतो.*

*पावसाळ्यात सुपाऱ्या नसतात, म्हणून यंदा शिक्रापूरच्या कंपनीत जायचं तुझ्या मनात आहे, असं आईने कुणाकडून तरी लिहवून कळवलं. जाऊ नकोस. मला इथल्या एका कंपनीच्या प्रयोगशाळेत बोलावलं आहे, पुढच्या सोमवारपासून. आता घराचं मी बघतो. तू पेटी सोडू नकोस.*

*रविवारी दुपारच्या एस.टी.ने येतो. तालीम असली तर मी खोलीवरच येईन.*

*तुझा धाकटा भाऊ*