लाल रेशमाचे तंतू

कृत्रिम डोळे बनवणाऱ्या त्या छोट्या कारखान्यात तिला सगळे 'डोळेवाली' म्हणत. भाजीवाल्याने डोळे वटारले तरी ही आपली त्याच्या बुबुळाचा रंग बघत बसेल, अशी तिची थट्टा चालायची.

नवरा गेला त्या वर्षी तिचे हात कापायला लागले. ब्रश धरवेना. मालकांनी तिला काढून टाकलं नाही, मागच्या गल्लीतल्या योगवर्गाला पाठवलं. तिथे ती दिव्याच्या ज्योतीकडे पापणी न हलवता बघायला शिकली, श्वास लांबवायला शिकली. मग कामाला बसली की श्वास सोडता सोडता बुबुळातली एकेक रेघ ओढायची. रेघ संपेपर्यंत जगात दुसरं काही नसायचं. हातांचं कापणं थांबलं.

म्हणून बॅडमिंटनचं फूल लागून लेकीचा डावा डोळा गेला, तेव्हा नवा डोळा मीच करणार, असं तिने सांगून टाकलं. आपल्या माणसाचं काम दुसऱ्याच्या हाती द्यावं, असं मालक परोपरीने समजावत होते. ती ऐकेना. लेकीचं कॉलेज सुटलं होतं. काळा चष्मा लावून ती घरात बसायची, मैत्रिणींना दारातूनच परत पाठवायची. डोळा हुबेहूब जमला तर पोरगी घराबाहेर पडेल, या एका आशेवर आईने तग धरला होता.

लेक आईसमोर रडली मात्र नव्हती. आता मी कुणाला डोळा मारला तर तो आयुष्यभर मारलेलाच राहील, असं इस्पितळातून घरी येताना म्हणाली होती. पोरगी खंबीर आहे, असं आईला वाटलं.

रंग जुळवायच्या दिवशी लेक चष्मा काढून खिडकीजवळच्या स्टुलावर बसली. समोर आई, गुडघ्याला गुडघा लागेल इतकी जवळ.

"इतका वेळ माझ्याकडे कधी बघितलंयस का गं?" लेकीने विचारलं.

"हलू नकोस," आई म्हणाली.

बुबुळ तपकिरी, कडेला मधाची छटा. ते साधलं. मग पांढऱ्या भागातल्या शिरा. त्यासाठी लाल रेशमी धागा पिंजून केसाहून बारीक तंतू काढायचे आणि एकेक चिकटवायचा. लेकीच्या चांगल्या डोळ्यात जिथे लाल दिसलं तिथे तिने तंतू लावला. कोपऱ्यात लाली जास्त होती, तिथे जास्त लावले. ज्योतीकडे बघावं तशी ती बघत होती. मन इतकं एकाग्र, की लाली कशाने आली हे मनात आलंच नाही.

डोळा बसवला. तोड नाही, असं मालक म्हणाले. लेक आरशासमोर जाऊन उभी राहिली.

"आई, हा रडलेला डोळा आहे."

आईने, उद्याच दुसरा करते, तंतू कमी घालते, असं कसंबसं म्हटलं.

"नको. पांढराशुभ्र केलास तर जुळणार नाही," लेक म्हणाली आणि तिने चष्मा पुन्हा चढवला.

संध्याकाळी लेक न्हाणीघरात गेली आणि रोजच्यासारखा नळ वाहू लागला. एवढे दिवस आई बाहेरून ओरडायची, पाणी वाया जातंय म्हणून. आज ती बंद दाराला पाठ लावून खाली बसली. शिकवल्याप्रमाणे श्वास लांबवू लागली, पण तो मध्येच तुटत होता. तिने मांडीवरच्या हातांकडे बघितलं. ते कापत होते.