पायलटचं माप

“मागं हात हलवून कोन राह्यलाय रे हा?” शांताकाकूनं इचारलं.

“दिगंबर हाय ना, काकू,” मी म्हन्लो.

“मंग हेलिकॉप्टर चालवून कोन राह्यलंय?”

मी पुढच्या सीटकडं पाह्यलं. तिथं सीटच नव्हती. सरपंचानं कपाळावर हात मारला.

शांताकाकूचा दिगंबर फौजेत पायलट. लढाईत जखमी जवानांना उचलायला खाली उतरून राह्यला होता, तेवढ्यात गोळ्या लागून हेलिकॉप्टर पडलं. दिगंबर गेला. वरीस झाल्यावर गावानं चौकात पत्र्याचं हेलिकॉप्टर आन् त्यात दिगंबरचा पुतळा बसवायचा ठरवला. टेंभुर्णीला महं फॅब्रिकेशनचं दुकान हाय. फॅब्रिकेशन म्हंजी गेट, शटर, ट्रॉली, समदं कापून-जोडून करायचं. काम मलाच आलं.

आता म्या हेलिकॉप्टर पाह्यलेलं कव्हा? इलेक्शनच्या सभेला. तिथं पुढारी मागच्या खिडकीतून हात हलवतो. पायलटकडं कोन बघतंय? म्याबी दिगंबरला त्याच मानाच्या जागी बसवला आन् पुढून पत्रा मारून पॅक.

मी दिगंबरवर जळायचो. अजूनबी जळतो. शाळेत एकाच तरटपट्टीवर बसायचो. मी चौथीतून शाळा सोडून घरी आलो, तो आभाळात गेला. आबा, म्हंजी महा बाप, जेवताना सुरू व्हायचे, “दिगंबर बघ. आन् तू बघ.” वाटलं, तो गेल्यावर तरी थांबतेन. कशाचं! जित्या मानसाच्या मागं पळता तरी येतं, मेलेल्याला गाठावं कसं? मेल्या मानसावर जळनारा गावात मी एकटाच. म्हनून मनात एकच होतं, हे काम असं करायचं की आबांनी एकदा तरी म्हनावं, जमलं. आजवर म्हन्ले नव्हते.

काकूनं हेलिकॉप्टरभोवती चक्कर मारली, खिडकीतून पुतळ्याकडं बघितलं. “आन् हे पोट? मह्या लेकराला पोट नव्हतं रे.”

मापाला मानूस भेटंना, तव्हा स्टुलावर बसून टेपनं महंच माप घेतलं होतं.

“उद्या सकाळी कार्यक्रम हाय,” सरपंच म्हन्ले. “त्याला पुढं घे, जल्दी!”

ग्राइंडर काढला. ग्राइंडर म्हंजी लोखंड कापायची फिरती चकती. पुढचा पत्रा उघडला, सीट जोडली, पुतळा मागून सोडवला. मंग पोट कापाय बसलो. बायको चहा घेऊन आल्ती.

“डॉक्टर सांगून थकला,” ती म्हनली, “आज एकदाचं उतरलं!”

हलता हात वाकवून हेलिकॉप्टर चालवायच्या दांड्यावर ठेवला. खांदे तेवढे तसेच राह्यले, महेच. बदलाय टाइम नव्हता.

सकाळी हार, नारळ, घोषणा झाल्या. काकू पुतळ्यापाशी आली, पुढच्या सीटवर बघितलं, दांड्यावरच्या हातावर हात ठेवला. तिच्यामागं आबा गेले. चष्मा पुसला. पुतळ्याचा खांदा हातानं चाचपून पाह्यला.

“जमलं,” म्हन्ले. “खांदा बराबर जमला. दिगंबरचा असाच होता, भरदार.”

बायको मह्याकडं बघाय लागली. मी तिला डोळ्यानंच गप केलं.

“हाव आबा,” म्हन्लो, “त्याचाच हाय.”

धंद्यात एवढं शिकलो. माप कोनाचं घेतलं, ते गिऱ्हाइकाला सांगायचं न्हाई.