लेओकादियाबाईंनी कापलेली पिवळी पट्टी

लेओकादियाबाई पिरेक यांना गावात कुणी वेळ विचारत नसे. विचारलीच, तर त्या वेळ सांगून वर "मग तुम्ही अजून इथे कसे?" असंही विचारत. बांधकाम कंपनीत आयुष्यभर कामाचे तक्ते काढून त्या निवृत्त झाल्या. तक्ता मात्र घरच्या भिंतीवर येऊन कामाला लागला. प्रत्येक कामाला एक रंगीत पट्टी, काम लांबलचक तर पट्टीही लांबलचक. नाताळात बिटाच्या साराची हिरवी, कार्प माशाची निळी, आणि नवरा तादेउश स्वयंपाकघरात येऊ शकतो तेवढ्या वेळाची करडी. करडी फारच आखूड होती.

नात मिलेनाच्या लग्नाला गावच्या आगीच्या बंबवाल्यांचा हॉल मिळाला. त्याचं छप्पर तेवढं उतरवलेलं होतं.

"आजी, दुसरा हॉल बघू या ना!" मिलेना रडकुंडीला आली.

"कशाला? छप्पर मी घालून घेते. शनिवारी लग्न, शुक्रवारी छप्पर पुरं. तक्त्यात बसतंय."

वासे अगदी पट्टीबरहुकूम चढले. आता पत्रे ठोकायची पिवळी पट्टी सुरू होणार, तोच वालेंटी सुतार खाली उतरला आणि टोपी काढून बाकावर बसला. मागोमाग त्याची माणसंही बसली.

"काय झालं, मिस्त्री?"

"वासे झाले, बाई. आता शेंड्याला हिरवी फांदी बांधायची, फिती लावायच्या, आणि यजमानांनी पाजायचं."

लेओकादियाबाईंनी कपाळावर हात मारला. कंपनीच्या तक्त्यात या फांदीची पट्टी त्या न चुकता काढत. साहेबांना दिसू नये म्हणून तिला 'मालाची वाट पाहणे' म्हणत. इथे लपवायला साहेबच नव्हता, म्हणून पट्टीच राहून गेली!

"लग्नात पाजते की शनिवारी!"

"लग्नाचं लग्नात. फांदीवाचून छप्पर घातलं तर घर रुसतं."

"घर, की तुम्ही?"

"आधी आम्ही."

"बरं, किती वेळ चालेल?"

"ते बाटलीला विचारा."

म्हणजे आजचा दिवस गेला, आणि उद्याही डोकी ठिकाणावर येईपर्यंत कुणाला वर चढवायची सोय नाही. शुक्रवारी छप्पर पुरं होणं शक्य नव्हतं.

"लग्न पुढे ढकलायचं का गं?" तादेउशने हळूच विचारलं. बाईंनी थेट घर गाठलं. मग कात्री घेतली आणि पिवळ्या पट्टीचे तीन तुकडे केले. आचारी शुक्रवारी येणार, तर आधी स्वयंपाकाच्या बाजूचे पत्रे. पंगत चर्चनंतर, तर मग जेवणाचा भाग. वादक जेवणानंतर बसणार. त्यांचा कोपरा सर्वांत शेवटी. एवढं झाल्यावर बाटल्या आणि सॉसेज घेऊन त्या स्वतः सुतारांच्या बाकावर जाऊन बसल्या, आणि पहिला पेला त्यांनीच भरला.

शनिवारी सूप झालं, मांस झालं, वादक कोपऱ्यात येऊन बसले, तरी वर ठकठक चालूच. अ‍ॅकॉर्डियनवाल्याने मान वर केली.

"अहो मिस्त्री, आमचा ताल चुकवाल!"

"थांबा हो, दोनच खिळे!"

मिलेना नवऱ्याचा हात धरून हॉलच्या मधोमध उभी, पाहुणे तोंडं वर करून उभे, आणि लेओकादियाबाईंची नजर घड्याळावर. ठक. ठक. मग वरून वालेंटीचा आवाज आला, "झालं! वाजवा आता!"