वळकटीचा दोर

नाना, म्हणजे माझे वडील, मला घरी न्यायला आले तो रविवार होता. हातात वळकटी बांधायचा सुती दोर, बाकी काही नाही. एरंडोलजवळच्या आमच्या गावात कुणीतरी त्यांचे कान भरले होते, की तुमची पोरगी जळगावात खोली घेऊन दिवसभर नुसती डब्यापुढे बसून असते. नाना येणार हे कळल्यापासून माझं अंथरूण कोपऱ्यात गुंडाळलेलंच होतं.

तो डबा म्हणजे माझा जुना कॉम्प्युटर. नव्वदच्या दशकातली गोष्ट. त्यावर मी प्रश्नपत्रिका, अर्ज टाइप करून द्यायची. पण मशीन इतकं रेंगाळायला लागलं होतं, की एक अर्ज उघडेपर्यंत चहा उकळून व्हायचा. म्हणून सकाळीच मी डीफ्रॅग लावलेलं. पडद्यावर रंगीत चौकोन इकडून तिकडे सरकत होते आणि मी भिंतीशी, ढिला प्लग दाबून उभी. मध्येच वीज तुटली तर होतं नव्हतं ते जाईल, या धाकानं. काम करणारी बाई अशी दिसत नाही, हे मलाही कळत होतं. रडू येईल इतका राग आला होता.

"हाई काय शे?" नानांनी विचारलं.

मी तुटकपणे सांगितलं. अर्ज एकच, पण जागा मिळेल तसा दहा ठिकाणी ठेवलेला. तो वाचायला मशीनला दहा ठिकाणी पळावं लागतं. हा प्रोग्राम ते तुकडे उचलून शेजारी शेजारी लावतो.

नाना रिकाम्या खुर्चीत बसले. "म्हंजे एकत्रीकरण!"

मला हसूच फुटलं. त्यांच्या तरुणपणी गावात जमिनींचं एकत्रीकरण झालं होतं. त्याआधी आमचं शेत चार दिशांना चार तुकडे, आणि नानांचा अर्धा दिवस बैल हाकत एकातून दुसऱ्यात जाण्यात जायचा. सगळा एक गट झाला तेव्हा त्यांनी बांधावर नारळ फोडला होता, हे आम्ही शंभरदा ऐकलेलं.

मग काय! नाना पडद्यावरून नजर हलवेनात. घरमालकीणबाई डोकावल्या तर त्यांनाच समजावून सांगू लागले, "बठ्ठा तुकडा एकजागे येई राहिनात." जेवायला उठा म्हटलं, तर चौकोनांच्या उरलेल्या ओळी बोटानं मोजत म्हणाले, "थांब. आजून दोन ओयी बाकी शेतस."

शेवटचा चौकोन बसला. मी धावत जाऊन अर्ज उघडला. झटक्यात उघडला! नानांनी मांडीवर थाप मारली. आनंदानं मला काय करू नि काय नको झालं.

"हाई पुन्हा कव्हय करनं पडी?"

महिन्याभरानं, मी म्हटलं. नाना उठले, प्लगची लोंबती वायर वर घेतली आणि आणलेल्या दोरानं खिडकीच्या गजाला करकचून बांधून टाकली. ओढून पाहिली. प्लग हलेना.

"नाना, आणि वळकटी?"

"पसरी दे," ते म्हणाले. "जेवानंतर जराखा आडा पडसू."